"हवामान तर आधीपासूनच बदलतंय": निसर्गाचं किती, माणसाचं किती, हा हिशेब कसा मांडायचा?

सह्यकडा

कनिष्ठ महाविद्यालयातल्या भूगोल शिक्षकांसाठी चार पानांचं टिपण तयार होतंय. "बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात" या छापाचं एकही वाक्य त्यात नको आहे. शिक्षकाला फळ्यावर स्वतः गुणाकार-भागाकार करून दाखवता यावा, एवढीच अट.

वर्गात हमखास येणारा प्रश्न असा: हिमयुगं आली नि गेली, तेव्हा कुठे गाड्या-कारखाने होते? मग आताच्याच वाढीचं खापर माणसावर का? त्यामागोमाग सूर्य, ज्वालामुखी आणि एल निनो येतात. या तिघांचा वाटा अंशांत किती, हे एका परिच्छेदात बसायला हवं. वाढलेला कार्बन डायऑक्साइड चिमण्यांतूनच आला, तापलेल्या समुद्रातून नाही, हे कशावरून, हेही हवं.

आणि शेवटचं, जिथे सगळ्यात जास्त गडबड होते ते: आपल्याकडचा पाऊस. १९७२ चा दुष्काळ निसर्गाचा आणि २०१५ चा माणसाचा, असं एका पाठ्यसाहित्यात लिहिलेलं दिसलं. ते कितपत टिकतं?

थर्मामीटर

आधी "नैसर्गिक" हे पोतं उसवा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. सूर्य, ज्वालामुखी, पृथ्वीच्या कक्षेतले फेरफार हा बाहेरून येणारा रेटा. तो पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्चच बदलतो. एल निनो-ला निना (पॅसिफिकच्या विषुववृत्तीय पट्ट्यातलं पाणी अधूनमधून तापणं नि थंडावणं) ही समुद्र आणि हवा यांच्यातली देवघेव. ती एका खिशातली उष्णता दुसऱ्या खिशात घालते, एकूण शिल्लक फारशी बदलत नाही. टिपणात हा फरक पहिल्या अर्ध्या पानातच यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं घसरतं.

आता सूर्य. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊन पडतं. ११ वर्षांच्या सौरचक्रात ते ०.१ टक्का, म्हणजे साधारण एक वॅट वरखाली होतं. हा एक वॅट जसाच्या तसा वापरला की हिशेब चुकतो. पृथ्वी गोल आहे म्हणून चारने भागा, ३० टक्के ऊन परत फेकलं जातं म्हणून ०.७ ने गुणा. उरतो ०.१८ वॅट. आता कार्बन डायऑक्साइडचा रेटा वॅटमध्ये काढायचं नेहमीचं सूत्र: ५.३५ गुणिले लॉग (४२४ भागिले २८०). लॉग नैसर्गिक घ्या. कॅल्क्युलेटरवरचं दहाच्या पायाचं बटण दाबलं की उत्तर सव्वादोन पटींहून जास्त लहान येतं. बरोबर उत्तर २.२ वॅट. २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंमागे इतके) औद्योगिक काळाच्या आधीचे, ४२४ हे २०२४ च्या आसपासचे. सूर्याचा हेलकावा ०.१८ आणि तोही खालीवर, कार्बनचा रेटा २.२ आणि एकाच दिशेने. शिवाय १९७८ पासून उपग्रह सूर्य मोजताहेत आणि त्यात चढता कल नाही. २००८ ते २०१९ चं सौरचक्र तर सुमारे शंभर वर्षांतलं सगळ्यात मरगळलेलं होतं, आणि त्याच काळात उष्णतेचे विक्रम मोडले.

ज्वालामुखी उलट दिशेने काम करतात. फिलिपीन्समधला पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात (ढगांच्या वरच्या थरात) गेला आणि १९९२ मध्ये जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. दोन-तीन वर्षांत परिणाम विरला. सल्फर तपांबरातच (ढग-पावसाच्या खालच्या थरात) राहिला तर काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतो, म्हणून प्रत्येक उद्रेकाने हवामान थंड होत नाही. किती उंच गेला, हे महत्त्वाचं.

एल निनोचं जोरदार वर्ष जगाच्या सरासरीत ०.१ ते ०.२ अंश घालतं आणि ला निना तेवढंच काढून घेते. इथे एक साधी तपासणी आहे. तापमानवाढ एल निनोसारख्या देवघेवीतून आली असती तर हवा तापताना समुद्राची उष्णता घटायला हवी होती. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे चार हजार तरंगते मापक दोन किलोमीटर खोलीपर्यंत तापमान घेतात. ते सांगतात, समुद्राचा साठा वाढतोय आणि एकूण जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त तिथेच जातेय. दोन्ही खिसे एकाच वेळी फुगत असतील तर पैसे बाहेरून आले.

बोटांचे ठसे म्हणतात तसा पुरावा हवा असेल तर स्थितांबराकडे बघा. सूर्य प्रखर झाला तर खालची आणि वरची हवा दोन्ही तापतील. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खाली तापेल आणि वर थंड होईल, कारण विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात फेकण्याचं काम जास्त करतो. मनाबे आणि वेदराल्ड यांनी हे १९६७ मध्ये गणिताने दाखवलं. उपग्रहांची मोजणी १९७९ पासूनची, आणि तिने तेच दाखवलं. म्हणजे भाकीत आधी, निरीक्षण नंतर. एक काळजी घ्या: स्थितांबराचा खालचा थर ओझोन घटल्यानेही थंड झाला. म्हणून आलेख वरच्या थराचा लावा, तिथे कार्बनची खूण जास्त स्वच्छ दिसते.

आणि "माणसाचा वाटा किती टक्के" हे विचारूच नका. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या) सहाव्या अहवालात १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ ची प्रत्यक्ष वाढ १.०६ अंश आहे आणि माणसामुळे झालेली वाढ १.०७, शक्यतेचा पट्टा ०.८ ते १.३. मोजलेल्या वाढीहून माणसाचा वाटा जास्त कसा, असं विद्यार्थी विचारणारच. हरितगृह वायूंनी १ ते २ अंश घातले आणि धूर-सल्फेटच्या कणांनी ० ते ०.८ अंश झाकून ठेवले, म्हणून. सूर्य-ज्वालामुखी मिळून ०.१ च्या आत, वर किंवा खाली. समुद्र-हवेची देवघेव ०.२ च्या आत. टक्क्यांत सांगितलं की हे सगळं दडतं.

गाळाचा_थर

वरच्या प्रतिसादाला हात न लावता हिमयुगांचं आणि कार्बनचं लिहितो.

हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेतून येते: कक्षेचा लांबटपणा साधारण १ लाख वर्षांनी, आसाचा कल ४१ हजार वर्षांनी (२२.१ ते २४.५ अंशांमध्ये, सध्या २३.४) आणि आसाचं भोवऱ्यासारखं डुलणं १९ ते २३ हजार वर्षांनी. सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविचने हे हातानं गणित करून मांडलं. यातलं डुलणं आपल्या पावसाशी थेट जोडलेलं आहे, ते टिपणात जरूर घ्या. आज पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती जुलैच्या सुमारास जवळ असायची, त्यामुळे उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात सात-आठ टक्के जास्त ऊन आणि मोसमी पाऊस जोरदार. पुढे ते ऊन घटत गेलं. म्हणजे कक्षेच्या हिशेबाने आज उत्तर गोलार्ध हळूहळू थंडच व्हायला हवा होता.

वेगाचा गुणाकार: शेवटचं हिमयुग संपताना सुमारे दहा हजार वर्षांत पाच-सहा अंश वाढले. शंभर वर्षांना ०.०५-०.०६ अंश. आताचा वेग दशकाला ०.२ अंश, म्हणजे शतकाला २. तीस-चाळीस पट. पण "एवढा वेगवान बदल पृथ्वीवर कधीच झाला नाही" हे वाक्य मात्र लिहू नका, कोणीतरी जाणकार ते फाडेल. ११,७०० वर्षांपूर्वी ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत दहा अंशांच्या आसपास उसळलं होतं. तो प्रादेशिक बदल होता, जागतिक सरासरीचा नव्हता. शिवाय गाळ आणि बर्फ शंभर-दोनशे वर्षांची सरासरी दाखवतात, थर्मामीटर महिन्याची. दोन्ही एकाच आलेखावर चिकटवले की जुना काळ खोटा शांत दिसतो.

निसर्ग किती बदल करू शकतो याचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. लोणार सरोवराच्या तळाच्या गाळात ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी पाऊस दीर्घकाळ रोडावल्याच्या खुणा सापडल्या आहेत. त्यात माणसाच्या धुराचा काही संबंध नव्हता. आणि ज्या काळ्या खडकावर आपण उभे आहोत तो दख्खनचा बेसाल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकांतून आला. ज्वालामुखी हवामान उलथवू शकतात ते असे, काही लाख वर्षं लाव्हा ओकत. आजचे ज्वालामुखी त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

आता कार्बनचं वहीखातं. हवेत १ पीपीएम म्हणजे ७८० कोटी टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांचे वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन, जंगलतोड-जमीनवापराचे साधारण ४०० कोटी. एकूण ४,१०० भागिले ७८०, म्हणजे ५.३ पीपीएम. हवेत प्रत्यक्ष वाढ वर्षाला अडीच पीपीएमच्या आसपास. आपण शंभर टाकले आणि हंड्यात पन्नासच वाढले, तर उरलेले कोणीतरी पितंय. ते समुद्र आणि झाडं-माती. समुद्र कार्बन सोडत असता तर वाढ ५.३ पेक्षा जास्त दिसली असती. एवढी एक वजाबाकी पुरेशी आहे. बाकी पुरावे तिला दुजोरा देतात.

दुजोरा असा. वनस्पती प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, म्हणून कोळसा-तेलात जड कार्बन-१३ कमी असतो. हवेतलं कार्बन-१३ चं मोजमाप औद्योगिक काळाच्या आधी प्रतिहजार उणे ६.५ च्या आसपास होतं, आता उणे ८.५ च्या आसपास आहे. ज्वालामुखीचा कार्बन उणे पाचच्या आसपासचा. त्याने आकडा इतका खाली ओढला नसता. हवेतला ऑक्सिजनही घटतोय. काही जाळलं तरच ऑक्सिजन खर्च होतो. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून वायू नुसता बाहेर आला तर होत नाही. (श्वास घ्यायला कमी पडेल इतकं नाही, दहा लाख रेणूंमागे वर्षाला चारेक. ही भीती वर्गात पसरू देऊ नका.) जाळलं ते आजचं लाकूड की जुना कोळसा, हे कार्बन-१४ सांगतो: कोळशात तो कधीच संपलेला असतो. फक्त यासाठी १९५० च्या आधीची आकडेवारी वापरा. नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला आणि साधा आलेख निरुपयोगी झाला.

आडवा_प्रश्न

दोन गोष्टी राहिल्या, आणि विरोधक नेमक्या याच काढतात. अंटार्क्टिकाच्या बर्फात तापमान आधी वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड मागून, मग कारण कोण आणि परिणाम कोण? दुसरं, १९४० ते १९७५ मध्ये कारखाने जोरात होते तरी तापमान वाढलं नाही, ते का?

गाळाचा_थर

बर्फाचं उत्तर: तिथे तापमान थोडं आधी वाढतं हे खरं आहे, लपवू नका. ढकल कक्षेने दिली, समुद्र तापला, त्याने कार्बन सोडला, कार्बनने आणखी तापवलं. कोंबडी आणि अंडं दोन्ही खरी. किती आधी, याचा आकडा मात्र जपून वापरा. हिमगाभ्यातले (बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या दांड्यातले) हवेचे बुडबुडे आजूबाजूच्या बर्फापेक्षा वयाने लहान असतात, कारण हिम दाबून बंद व्हायला शेकडो ते हजारो वर्षं लागतात. ही दुरुस्ती सुधारत गेली तसा जुना ८०० वर्षांचा आकडा शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीसाठी बराच खाली आला.

त्याच पुराव्यातून समुद्राचा मुद्दाही निकालात निघतो. हिमयुग संपताना पाच-सहा अंशांना सुमारे ९० पीपीएम वाढले, म्हणजे अंशाला पंधरा-सोळा, तेही हजारो वर्षांत. आताच्या सव्वा-दीड अंशाच्या वाढीने समुद्राने सगळा कार्बन लगेच ओकला असं धरलं तरी वीस-चोवीस पीपीएम होतात. वाढ झाली आहे १४४.

थर्मामीटर

१९४०-७५ बद्दल: युद्धोत्तर काळात युरोप-अमेरिकेत कोळसा धुराबरोबर सल्फरही भरपूर सोडत होता. सल्फेटचे कण ऊन परतवतात आणि त्यांचा परिणाम ताबडतोब होतो; कार्बन डायऑक्साइड साठत जातो. १९७० नंतर तिकडे सल्फरवर कायदे आले, कण आठवड्यांत खाली बसले, साठलेला कार्बन तसाच राहिला. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीही फुटला. त्यात मोजणीची एक भानगड आहे: महायुद्धात समुद्राचं तापमान घेणारी जहाजं बदलली. कुठे बादलीत पाणी काढून मोजायचे, कुठे इंजिनात घेतलेल्या पाण्यावरून. बादलीतलं पाणी बाष्पीभवनाने थंड पडतं, इंजिनाचं थोडं गरम लागतं. म्हणून १९४० च्या दशकातला उंचवटा काही अंशी खोटा आहे. "आकडे फुगवले" असं म्हणणाऱ्यांना हेही सांगा, की समुद्राच्या या दुरुस्त्या धरल्या तर शतकभराची जागतिक वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी दिसते, जास्त नाही.

सल्फरचा धडा आजही चालू आहे. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली. २०२३-२४ च्या उसळीत एल निनोबरोबर याचाही हात आहे. किती, यावर अजून वाद आहे.

ग्रिडवाला

पावसाकडे येतो. त्या पाठ्यसाहित्यातलं वाक्य काढून टाका. १९७२ ला एल निनो होता आणि देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७६ टक्के होता. २०१५ लाही जोरदार एल निनो होता, पाऊस ८६ टक्के. ढकल दोन्ही वेळा पॅसिफिकमधून आली. एकाला निसर्गाचा नि दुसऱ्याला माणसाचा म्हणायला आधार नाही. एल निनो म्हणजे दुष्काळ हेही गणित नाही: १९९७ चा एल निनो शतकातल्या जोरदारांपैकी, तरी पाऊस १०२ टक्के, कारण हिंद महासागराचा द्विध्रुव (त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक) आपल्या बाजूने होता.

माणसाचा हात शोधायचा तर तो पावसाच्या बेरजेत शोधू नका. हा हिशेब फळ्यावर करून दाखवा. मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्ह्याचा पाऊस वर्षागणिक सरासरीच्या ३० टक्के इकडेतिकडे होतो असं धरा. तीस वर्षांच्या सरासरीतली चूक ३० भागिले तीसचं वर्गमूळ, म्हणजे साडेपाच टक्के. आधीची तीस वर्षं आणि नंतरची तीस वर्षं यांच्या फरकातली चूक पावणेआठ. खात्रीने फरक म्हणायला त्याच्या दुप्पट, पंधरा टक्के बदल लागेल. देशाचा मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे ६ टक्के घटला. तेवढाच बदल जिल्ह्यात झाला असेल तर तो दिसणारच नाही. म्हणून "आमच्या तालुक्यात पाऊस बदललाय" आणि "काहीच बदललं नाही" ही दोन्ही विधानं तालुक्याच्या आकड्यांवरून सिद्ध होत नाहीत.

ती ६ टक्के घट कशामुळे, हाही प्रश्न रंजक आहे, कारण नुसत्या तापमानवाढीने मोसमी पाऊस वाढायला हवा. इथे माणूसच दोन्ही बाजूंना आहे. उत्तर भारतावरच्या धुराच्या कणांनी जमिनीवरचं ऊन अडवलं, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी झाला. तिकडे उष्ण कटिबंधातला हिंद महासागर त्याच काळात सुमारे एक अंशाने तापला. त्याने तो फरक आणखी खाल्ला. भारताची स्वतःची वाढ १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंश, जागतिक सरासरीपेक्षा कमी. त्यामागेही हाच धूर आणि उत्तरेतलं सिंचन आहे. धूर कमी झाला की झाकलेली वाढ उघडी पडते, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

खूण स्पष्ट दिसते ती मुसळधार पावसात. मध्य भारतात दिवसाला १५० मिमीहून जास्त पावसाच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. "तिप्पट झाल्या" असंही वाचायला मिळेल. ते मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीबद्दल आहे. व्याख्या वेगळी, आकडा वेगळा. दोन्ही एका वाक्यात आणू नका. कारण सोपं आहे: हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते.

पण हे ७ टक्के उचलून प्रत्येक पुराला लावायचे नसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. एक अंश थंड जगात तेच ढग, तीच वाऱ्यांची मांडणी असती तर ९४४ भागिले १.०७, म्हणजे ८८० च्या घरात पडला असता. मुंबई तेव्हाही बुडालीच असती. (ढगांच्या आतला जोरही बाष्पाने वाढतो, त्यामुळे ७ टक्के ही वरची मर्यादा नाही.) मग एखाद्या घटनेत माणसाचा वाटा किती, हे कसं सांगतात? आजच्या हवामानात अशा घटनेची शक्यता आणि १.२ किंवा १.३ अंश थंड हवामानात तिचीच शक्यता, निरीक्षणं नि प्रारूपं (संगणकावरची हवामानाची मॉडेल्स) दोन्ही वापरून काढतात आणि गुणोत्तर देतात. मार्च-एप्रिल २०२२ च्या भारत-पाकिस्तानातल्या उष्णतेच्या लाटेसाठी ते ३० पटींच्या आसपास आलं. जुलै २०२४ च्या वायनाडच्या पावसासाठी तीव्रता सुमारे १० टक्के जास्त निघाली. उष्णतेत खूण ठळक, पावसात फिकी, आणि पाण्याच्या टंचाईत तर उसाचं क्षेत्र नि विंधनविहिरी मध्ये येतात, ज्यांचा हवामानाशी संबंधच नाही.

सह्यकडा

हे सोनं आहे, धन्यवाद. सूर्य, ज्वालामुखी, एल निनो आणि कार्बन यांची वाटणी शिक्षकांना एक्सेलमध्ये स्वतः करून बघता येईल का? आणि हवामान खात्याच्या ग्रिड फायली (नकाशाच्या चौकटीनिहाय दिलेले आकडे) उघडताना काय सांभाळायचं?

थर्मामीटर

करता येते, अर्ध्या दिवसाचं काम. पाच स्तंभ घ्या, मार्च १९५८ पासून महिनावार, कारण हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेची कार्बन मोजणी तेव्हा सुरू झाली. पहिला स्तंभ जागतिक तापमान: नासाची किंवा ब्रिटनची हॅडक्रट ही नोंदमाला, एकच घ्या. नासाचा पाया (ज्या काळाच्या सरासरीशी तुलना होते तो) १९५१-१९८० आहे, हॅडक्रटचा १९६१-१९९०. मधूनच बदलला तर आलेखात पायरी तयार होते. दुसरा एल निनोचा ओएनआय निर्देशांक. निनो ३.४ (मध्य पॅसिफिकचा ठरलेला पट्टा) चं कच्चं समुद्र-तापमान घेऊ नका, त्यात तापमानवाढ आधीच मिसळलेली असते आणि ती एल निनोच्या खात्यावर जाते. ओएनआयचा पाया काळाबरोबर सरकवलेला असतो. तिसरा स्थितांबरातल्या कणांची प्रकाशीय जाडी. चौथा सूर्याचं एकूण प्रारण. पाचवा कार्बन डायऑक्साइडचा नैसर्गिक लॉग, पण मौना लोआच्या फाइलमधला ऋतुचक्र काढलेला स्तंभ घ्या. कच्च्या आकड्यात झाडांच्या पानगळीमुळे वर्षात सहा-सात पीपीएमचा हेलकावा असतो.

एल निनोचा स्तंभ तीन-चार महिने खाली सरकवा आणि ज्वालामुखीचा सहा महिन्यांच्या आसपास, कारण परिणाम उशिरा येतो. मग लिनेस्ट (प्रत्येक स्तंभाचा गुणक काढून देणारं एक्सेलचं सूत्र) चालवा. ओएनआयच्या एका अंशाला साधारण ०.१ अंश, पिनाटुबोच्या शिखराला ०.३ ते ०.५ अंशांची घट, सौरचक्राला फार तर ०.१, आणि उरलेला सगळा चढ कार्बनच्या स्तंभावर, असं चित्र यायला हवं. ज्वालामुखीचं चिन्ह अधिक (+) आलं तर स्तंभ उलटा सरकवला आहे.

चुका तीन ठिकाणी होतात. लिनेस्ट दाखवतं ती प्रमाण चूक खोटी लहान असते, कारण हा महिना गरम असेल तर पुढचाही बहुधा गरम असतो. उरलेल्या फरकांचा लगतच्या महिन्यांशी सहसंबंध ०.६ असेल तर १२० महिने हे खरं तर १२० गुणिले ०.४ भागिले १.६, म्हणजे ३० स्वतंत्र नोंदींइतके. चूक दुप्पट धरा. दुसरं, कार्बनच्या गुणकाला ०.६९३ ने (२ च्या नैसर्गिक लॉगने) गुणलं की कार्बनच्या दुपटीला अडीच अंशांच्या आसपास काहीतरी येईल. त्याला हवामानाची संवेदनशीलता (कार्बन दुप्पट झाल्यावर शेवटी किती अंश वाढतील तो आकडा) म्हणू नका. त्यात मिथेनची वाढ मिसळली आहे, धुराची घट मिसळली आहे आणि समुद्र अजून पूर्ण तापलेला नाही.

तिसरी चूक मोठी. सतत चढणारा कोणताही स्तंभ, अगदी देशातल्या मोबाइलची संख्याही, तापमानाशी झकास जुळेल. म्हणून हे समीकरण पुरावा म्हणून दाखवू नका. पुरावा वरचा वॅटचा हिशेब आणि स्थितांबराची थंडी हा आहे. एक्सेल फक्त वाटणी किती हे दाखवतं. हवं तर गुणक १९९९ पर्यंतच्या आकड्यांवर काढा आणि पुढची वर्षं त्यावरून काढून प्रत्यक्षाशी ताडून बघा. १९९८ पासून आलेख सुरू करून "वाढ थांबली" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायलाही हाच तक्ता कामी येतो: एल निनोचा स्तंभ वजा केला की १९९८ चा सुळका बसतो आणि त्यानंतरचं "थांबणं" जवळजवळ नाहीसं होतं.

ग्रिडवाला

ग्रिड फायलींचं. पावसाची फाइल पाव अंशाची, १३५ गुणिले १२९ चौकटी, १९०१ पासून. तापमानाची एक अंशाची, ३१ गुणिले ३१, १९५१ पासून. एक्सेलमध्ये थेट उघडत नाहीत, पायथन या संगणकभाषेतलं आयएमडीलिब हे साधन वापरा. पावसात नोंद नसेल तिथे उणे ९९९ असतं आणि तापमानात ९९.९. ते न काढता सरासरी घेतली की कोकणात उणे पाऊस पडतो किंवा विदर्भात पाणी उकळतं. पहिली चूक लगेच पकडली जाते. दुसरी, अशा चौकटी मोजक्याच असतील तर, सरासरीत दोन-तीन अंशांनी लपते.

१९०१ पासूनचा अतिवृष्टीचा कल त्यातून काढू नका. पर्जन्यमापकांची संख्या वर्षागणिक बदलत गेली आहे; केंद्रं विरळ असली की ग्रिड शिखरं चपटी करतं, दाट झाली की शिखरं वर येतात, आणि निसर्गाने काही न करताच कल दिसतो. निदान १९५० नंतरचं घ्या आणि त्या पट्ट्यात केंद्रं किती होती ते बघा. चपटं करणं किती असू शकतं याचा अंदाज: ९४४ च्या दिवशी कुलाब्याला ७३-७४ मिमी होता, आणि दोन्ही ठिकाणं पाव अंशाच्या अंतरात येतात.

तारखेचंही बघा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि नोंद संपण्याच्या तारखेवर पडते. ९४४ मिमी फाइलमध्ये २७ जुलैखाली सापडेल. २६ तारखेला शोधून "आकडे दडपले" असा धागा काढण्याआधी एक रकाना पुढे बघा.